‘अ वेन्सडे’ला आम्ही टाळ्या का वाजवल्या?

शेगावला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एका लॅपटॉपसमोर दहा-बारा जणांनी दाटीवाटीनं बसून ‘अ वेन्सडे’ पाहिला होता. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. परवा चिखलीहून पुण्याला परतताना बसमध्ये मोबाईलवर तो पुन्हा पाहिला. या वेळी टाळी वाजवावीशी वाटली नाही.

नीरज पांडे यांचा हा 2008चा सिनेमा. मुंबईतला एक सामान्य माणूस (नसीरुद्दीन शाह) बॉम्बची धमकी देऊन पोलीस आयुक्तांकडे (अनुपम खेर) चार अतिरेक्यांना सोडण्याची मागणी करतो. खरं तर त्याला ते मारायचे असतात. कोर्टकचेरीवरचा त्याचा विश्वास उडालाय. बायको सारखा फोन करून जेवणाचं विचारते, पण तिला आपण जिवंत आहोत ना एवढंच कळायचं असतं, असं तो सांगतो. तो भाग आजही आत लागतो. “पोचला का?” म्हणून माझ्या आईचाही फोन येतोच.

सिनेमाची लबाडी वेगळीकडे आहे. ते चौघं दोषी आहेत हे पटकथेनंच ठरवून टाकलंय. खऱ्या जगात नेमकं तेवढंच ठरवायला न्यायालय लागतं.

या माणसाच्या रागामागे 11 जुलै 2006चे लोकलमधले स्फोट आहेत. 180हून जास्त माणसं गेली. त्या खटल्यात 2015 साली विशेष न्यायालयानं 12 जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. त्या पाचांतला एक 2021मध्ये तुरुंगातच वारला. 21 जुलै 2025ला मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्या 12 जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब आणि ओळख परेड, दोन्ही खंडपीठाला विश्वासार्ह वाटले नाहीत. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही.

गुन्हा उकलल्याचा खोटा देखावा लोकांचा विश्वास पोखरतो आणि खरा धोका मोकळाच राहतो, असंही उच्च न्यायालयानं लिहिलंय. आमच्या कामाच्या भाषेत, बग तसाच ठेवून तिकीट क्लोज करणं.

सिनेमातल्या माणसाला चार तासांत निकाल हवा, तसा या 12 जणांचा लागला असता, तर चूक कळूनही काय उपयोग होता? आणि ज्यांची माणसं गेली, त्यांना बॉम्ब कुणी ठेवले याचं पक्कं उत्तर 19 वर्षांनीही मिळालेलं नाही.

‘अ वेन्सडे’ जरूर पाहा, भीती त्यात खरी आहे. फक्त टाळी वाजवण्याआधी एकदा विचारा, ती चार नावं ठरवली कुणी?