पडद्यावरची शाहबानो तरुण का?

या सुट्टीत मी तीन सिनेमे पाहिले. 'निकाह' अम्मीच्या हट्टाखातर, 'गली बॉय' धाकट्या भावाबरोबर दुसऱ्यांदा आणि 'हक' एकटीने, रात्री, मोबाइलवर. मी सिनेमाची अभ्यासक नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड. झाल्यापासून जे दिसेल त्याला गुण द्यायची खोड लागली आहे, एवढेच. पण तिन्ही सिनेमांत नवऱ्याने टाकलेली किंवा उरावर सवत आणलेली मुसलमान बाई आहे. त्यामुळे ते लागोपाठ पाहताना काही पटले, काही खटकले.

बी. आर. चोप्रांचा 'निकाह' १९८२ चा. अम्मीने तो लग्नाआधी पाहिला होता. नवाबी थाट, शेरवान्या, वाक्यावाक्याला शायरी. मी म्हटले, "अम्मी, ऐसी उर्दू अपने घर में कौन बोलता?" ती म्हणाली, "पिक्चर में ऐसाच बोलना पड़ता." मी रोज उर्दू शिकवते, पण घरी आमची दखनीच. असो. शेवटी निलोफर दोन्ही नवऱ्यांना सुनावते, तो प्रसंग आजही अंगावर येतो. मात्र तलाकनंतर निलोफरला मासिकात नोकरी मिळते, पदरात मूल नाही आणि वाट पाहणारा हैदर आहेच. एवढी सोय कुणाच्या नशिबी असते?

झोया अख्तरच्या 'गली बॉय'मध्ये (२०१९) अशी सोय नाही. धारावीतल्या चिंचोळ्या घरात मुरादचा बाप दुसरी बायको आणतो. सवत आणि पहिली बायको यांच्यामध्ये भिंतसुद्धा नाही. ही पहिली बायको, रझिया, अमृता सुभाषने केली आहे. ती भाषण करत नाही. भांडते, मार खाते, शेवटी मुलांना घेऊन घर सोडते. लोक रणवीर सिंगच्या गाण्यांवर बोलत राहिले, मला मात्र रझियाच लक्षात राहिली. (अमृताच्या आईने, ज्योती सुभाष यांनी, हमीद दलवाईंवर माहितीपट केला आहे, हे इथे सांगण्याचा मोह आवरत नाही.) डॉक्टरकी शिकणारी सफीना घरी खोटे बोलते, कारण खरे बोलले तर बाहेर पडणे बंद. माझ्या नववीच्या वर्गात अशा चार-पाच सफीना असतील. खोटे बोलणे वाईट, हे त्यांना शिकवताना हल्ली माझा आवाज थोडा खाली येतो.

आता 'हक'. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेला, सुपर्ण वर्मा यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा शाहबानो खटल्यावर बेतलेला आहे. यामी गौतमचे काम चांगले आहे. इम्रान हाश्मीचा वकील नवरा राक्षस नाही, सभ्य, शिकलेला माणूस आहे. हे मला विशेष आवडले. अन्याय करणारे बहुतेक असेच दिसतात. आपल्या समाजाची नालस्ती करायला सिनेमा काढला असेल, अशी धास्ती घेऊन बसले होते. ती बऱ्याच अंशी खोटी ठरली.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. नायिका तरुण आहे. आणि खरी शाहबानो? १९७५ मध्ये घराबाहेर काढली गेली तेव्हा साठीला टेकलेली. १९७८ मध्ये तलाक मिळाला तेव्हा ६२ वर्षांची. चाळीसहून अधिक वर्षांचा संसार, पाच मुले. इंदूरच्या कोर्टात तिने महिना ५०० रुपये मागितले. खालच्या कोर्टाने २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केले. त्या वीस पैशांसकट ती रक्कम पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि एप्रिल १९८५ मध्ये कायम झाली. नंतर एवढा गदारोळ उठला की त्याच वर्षी खुद्द शाहबानोने निकाल नाकारणारे निवेदन दिले. १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा केला.

कोर्टातल्या विजयाच्या दिशेने चाललेल्या सिनेमात या म्हातारपणाला आणि थकव्याला जागा होणे अवघडच. तरुण बाईचा अन्याय प्रेमभंगासारखा दिसतो, प्रेक्षक हळहळतो. म्हातारीचा प्रश्न औषधाचा, भाड्याचा आणि आता कुठे जायचे याचा असतो. तिकीट काढून ते कोण पाहणार, असा हिशेब केला असावा. प्रदर्शनाआधी शाहबानोच्या मुलीने मध्य प्रदेश उच्च न्यायालयात धाव घेतली होती. याचिका फेटाळली गेली. कायद्याच्या बाजूवर बोलण्याचा मला अधिकार नाही, पण आपल्या आईला पडद्यावर कोणाच्या रूपात दाखवतात, हा प्रश्न मुलीला पडणारच. आणि १८ एप्रिल १९६६ रोजी दलवाईंबरोबर मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेणाऱ्या त्या सात बायका? त्यांच्यावर कुणी सिनेमा काढलाच, तर त्यांनाही अशाच देखण्या करणार काय?

आमच्या मोहल्ल्यात एक खाला आहेत. वय पासष्टच्या आसपास. नवरा दुसऱ्या घरी राहतो. तलाकही देत नाही, खर्चही देत नाही. त्या गोधड्या शिवतात. परवा त्यांना मी मोबाइलवर 'हक' लावून दिला. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी चष्मा काढला. "ये तो जवान है बेटी," त्या म्हणाल्या, "इसका दूसरा घर हो जाता." मग सुई-दोरा माझ्या हातात दिला, ओवून द्यायला.