रंगाचा विचार करणारे चित्रकार

चित्रप्रदर्शनावर मराठीत लिहिलं जातं तेव्हा आकार, आशय, चित्रकाराची जडणघडण यांबद्दल बरंच काही सांगितलं जातं. रंगाची पाळी आली की मात्र ‘आल्हाददायक रंगसंगती’ किंवा ‘रंगांची मुक्त उधळण’ एवढ्यावर भागवलं जातं. हे शब्द कुठल्याही चित्राला लागू पडतात, म्हणून कुठल्याच चित्राबद्दल काही सांगत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेल्या चित्रकारांनी रंगावर आयुष्यभर विचार केला आहे आणि त्यातल्या कितीतरी जणांची भाषा आपली होती.

त्या विचाराची सुरुवात जलरंगापासून धरता येईल. सावंतवाडीहून आलेल्या सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री आणि ज्योतीच्या आड धरलेल्या तिच्या बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. तो कागदाच्या पांढरेपणातून मिळवायचा असतो आणि कुठे रंग लावायचा नाही हे आधीच ठरवावं लागतं. या शिस्तीत रंग उजेडाच्या सेवेला होता. त्वचा, साडी, भिंत यांवर पडलेल्या प्रकाशाचा हिशेब अचूक मांडणं, हे त्याचं काम.

मराठी घरांत रंग पोचला तो मात्र दिवाळी अंकांमधून. दीनानाथ दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ सुरू केला. त्यांची लयदार रेषा आणि सपाट, ठाम रंग, तर रघुवीर मुळगावकरांचे एअरब्रशने एकमेकांत विरघळवलेले मऊ रंग. दोघेही मूळचे गोव्याचे, पण रंगाकडे पाहण्याच्या या दोन अगदी वेगळ्या रीती होत्या. कित्येक वाचकांची रंगाची आवड त्यांच्या मुखपृष्ठांनीच घडवली आणि त्या ऋणाची नोंद कलेतिहासात अजून नीट झालेली नाही.

रंगाला उजेडाच्या आणि वस्तूच्या चाकरीतून पूर्ण मोकळं केलं ते वासुदेव गायतोंडे यांनी. जन्म 1924, नागपूर; जे. जे.ची पदविका 1948. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत आकृती आहेत, लघुचित्रांचा आणि पॉल क्लेचा प्रभाव आहे. पुढे आकृती गेल्या. स्वतःच्या कामाला ‘अमूर्त’ म्हणणं त्यांना मान्य नव्हतं; अमूर्त म्हटलं की कशाचं तरी अमूर्तीकरण आलं आणि त्यांच्या चित्रात ते ‘कशाचं’ नव्हतंच.

गायतोंडे यांचं चित्र समजून घ्यायचं तर ते कसं केलं जात होतं याकडे पाहायला हवं. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ ही त्यांची हत्यारं. पातळ तैलरंगाचा थर द्यायचा, तो पसरायचा, खरवडायचा, कागदाचे तुकडे रंगावर दाबून उचलायचे, पुन्हा थर द्यायचा. रंग लावण्याइतकंच रंग काढण्यालाही महत्त्व होतं. त्यामुळे त्यांचा एखादा हिरवा किंवा गेरूसारखा तांबूस पृष्ठभाग पाहताना तो एकच रंग आहे असं पहिल्यांदा वाटतं, आणि थोडा वेळ उभं राहिलं की खालचे थर वर येऊ लागतात. कुठे कडा उजळते, कुठे एखादी खूण पाण्याखाली असल्यासारखी धूसर दिसते. इथे रंगाला कसलाही अर्थ चिकटवलेला नाही. हिरवा म्हणजे शेत नाही, पिवळा म्हणजे वैराग्य नाही. थरांतून वर येत राहणं, हेच त्या रंगाचं काम. वर्षाला मोजकीच चित्रं करणाऱ्या या माणसाचा बराचसा वेळ नुसतं पाहण्यात जात असे, हे त्या पृष्ठभागांकडे पाहून पटतं.

प्रभाकर बरवे यांची वाट याच्या जवळपास उलटी. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, फळ, पीस अशा ओळखीच्या वस्तू आहेत. विणकर सेवा केंद्रात काम केलेल्या या चित्रकाराने कॅनव्हासवर एनॅमल पेंट वापरला. एनॅमल सपाट बसतो, हाताचा थरकाप दाखवत नाही. तोच गुण बरवेंनी हेरला. त्यांचे राखाडी, फिकट, संयत रंग वस्तूंना त्यांच्या रोजच्या जागेतून उचलतात आणि कुठलाच ऋतू नसलेल्या अवकाशात ठेवतात. ‘कोरा कॅनव्हास’ या 1990च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या प्रक्रियेबद्दल मराठीत लिहिलं. चित्रकाराने चित्रभाषेचा विचार आपल्याच भाषेत इतक्या काटेकोरपणे करावा, ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे.

सय्यद हैदर रझा यांच्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. नागपूर आणि जे. जे.त शिकलेले रझा 1950 साली फ्रान्सला गेले. त्यांच्या मधल्या काळातल्या निसर्गचित्रांत लाल आणि काळ्याची जी धग आहे, ती मला उत्तरकाळातल्या बिंदूचित्रांपेक्षा मोठी वाटते. बिंदूच्या चित्रांत रंग पंचतत्त्वांशी बांधले गेले आणि प्रत्येक रंगाचं काम आधीच ठरून गेलं. रझांच्या हातात तेही तेजस्वी राहिलं. त्यांच्या मागून आलेल्यांनी मात्र फक्त कोष्टक उचललं: केशरी म्हणजे अध्यात्म, निळा म्हणजे अनंत. आजच्या अनेक प्रदर्शनांत चित्राशेजारच्या टिपणात असे अर्थ छापलेले असतात आणि ते वाचल्यावर चित्रात पाहायला फारसं उरत नाही.

शंकर पळशीकरांचे विद्यार्थी आणि पुढे जे. जे.तच शिकवणारे प्रभाकर कोलते यांनी या कोष्टकाला काम करूनच उत्तर दिलं आहे. आधी अनेक आकार, अनेक रंग येऊ द्यायचे आणि मग त्यावर एका रंगाचं मोठं आच्छादन घालायचं. खालच्याची लहानशी खिडकी तेवढी उघडी ठेवायची. वरचा लाल किंवा निळा ती पार्श्वभूमी नसतो, तो नंतर आलेला असतो. चित्रातला काळ रंगाने मोजता येतो हे कोलत्यांची चित्रं दाखवतात.

आज मुंबई-पुण्यात चांगलं काम करणारे तरुण चित्रकार आहेत. पण एकूण चित्र पाहता रंगाच्या बाबतीत आपण मागे सरकलो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची मुळं शाळेत आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत आधी आकार काढायचा आणि मग तो रेषेबाहेर न जाता भरायचा, हे मुलांच्या हातात पक्कं बसतं. रंगचक्र पाठ होतं. पण शेजारी दुसरा रंग आला की तोच राखाडी बदलतो, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला फारच कमी वर्ग लावतात. पुढे मोबाइलची स्क्रीन येते. तिथे दुरून उठून दिसणारं चित्र टिकतं. स्क्रीन आतून उजळते, म्हणून साधा पिवळाही तिथे झळाळतो आणि थरांनी मिळवलेली खोली मात्र हरवते. चित्रं हळूहळू त्या स्क्रीनसाठीच रंगवली जाऊ लागली आहेत. कॅनव्हाससमोर गेलं की हे लगेच कळतं: फोटोत दिसलं त्याहून अधिक काही तिथे नसतं.

गायतोंडे यांच्या चित्राचं नेमकं उलट होतं, त्याचा फोटो जवळजवळ काहीच सांगत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. चित्रकलेच्या शिक्षकांनी मुलांना एकदा तरी खऱ्या चित्रासमोर नेऊन उभं करावं, आणि चित्रांवर लिहिणाऱ्यांनी रंगाबद्दल लिहिण्याआधी तो किती थरांत, कशाने आणि कशावर लावला आहे ते जवळ जाऊन पाहावं.