पाच क्रियापदांचा अन्वय

मोरोपंतांची आर्या समोर आली की आधी अन्वय लावावा लागतो. ग्रंट या बिल्ड टूलची फाइल वाचताना तीच गत व्हायची. जोडायच्या फाइलींची यादी एका कप्प्यात, आकसायच्या फाइलींची दुसऱ्यात, आणि आधी काय, नंतर काय याचा उलगडा थेट तळाच्या ओळीत. २०१३ मध्ये आलेल्या गल्प या दुसऱ्या बिल्ड टूलची फाइल मात्र अन्वयासकट हाती येते.

माझ्या आवडीचा तुकडा असा: सोर्स, कॉन्कॅट, अग्लिफाय, रेव्ह, डेस्ट. पाच क्रियापदं, आणि त्यांना सांधणारा ‘पाइप’. उचल, जोड, आकस, खूण कर, ठेव. डोळा ज्या क्रमानं फिरतो त्याच क्रमानं काम होतं. मधल्या टप्प्यांवर डिस्कवर काहीच उतरत नाही. फाइल मेमरीतल्या मेमरीत पुढे सरकते. ही रीत मुळात युनिक्सची, १९७३ पासूनची.

जोडणं आता थोडं शिळं झालंय. ब्राउझरच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून ते होतं. २०१५ मध्ये एचटीटीपी/२ आलं आणि ती निकड ओसरली. अग्लिफाय कॉमेंट, मोकळ्या जागा काढून टाकतं, विचारपूर्वक ठेवलेलं ‘एकूणरक्कम’ नुसतं ‘ए’ करतं. निर्दयच म्हणायचं, पण मोबाइलवर पान उघडणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

खरी गंमत चौथ्या क्रियापदात. रेव्ह फाइलच्या मजकुराचा एमडी५ हॅश काढतं आणि त्याची पहिली दहा अक्षरं नावात घालतं. मग ब्राउझरला बिनधास्त सांगता येतं, ही फाइल वर्षभर जपून ठेव. एक स्वल्पविराम बदलला तरी नाव बदलणार, आणि ब्राउझर ती नवी फाइल म्हणून मागवणार. (या प्लगइनच्या माहितीपत्रकात नमुन्याचं नाव आहे ‘युनिकॉर्न-डी४१डी८सीडी९८एफ.सीएसएस’. हा हॅश रिकाम्या फाइलचा आहे!)

आता तिसरं आणि चौथं क्रियापद उलटं करून पाहा. बिल्ड विनातक्रार होतो, साइट चालते. पण नावातली खूण आता आकसण्याआधीच्या मजकुराची असते, वाचकापर्यंत पोचणाऱ्या फाइलची नव्हे. उद्या अग्लिफायची नवी आवृत्ती आली, तिनं तोच कोड वेगळा आकसला, तर फाइल बदलेल आणि नाव तेच राहील. ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांच्याकडे ती वर्षभर जुनीच राहील.

नवी आवृत्ती न विचारता येते कशी? पाचांपैकी सोर्स आणि डेस्टच गल्पची. उरलेली तीन एनपीएम या पॅकेज-भांडारातून येतात. त्यांच्या आवृत्त्या मागणाऱ्या पॅकेज.जेसन फाइलमध्ये ३.०.० च्या आधी छोटं कॅरेट (^) असलं की ४.०.० च्या आतलं काहीही चालतं. त्या चिन्हाच्या सैलपणाला वेसण घालते ती नेमक्या आवृत्त्या टिपून ठेवणारी लॉक फाइल. २०१७ च्या एनपीएम ५ पासून ती आपोआप तयार होते. ती गिटमध्ये न टाकणं हा मला निव्वळ आळस वाटतो.

नव्या प्रकल्पांत हल्ली गल्प फारसं दिसत नाही. व्हीट हे नवं बिल्ड टूल न सांगता नावात हॅश घालतं. सोय मोठी, पण क्रम पडद्याआड गेला. म्हणून फ्रंट-एंड शिकणाऱ्यांना एवढंच सांगणं: एक गल्पफाइल स्वतः लिहा, रेव्हची ओळ अग्लिफायच्या वर न्या, आणि अग्लिफायची एखादी सेटिंग बदलून फाइलचं नाव बदलतं का ते बघा.