एक उत्तरपत्रिका, चार परीक्षार्थी

विद्यार्थ्यांनी केलेला चित्रपट पाहून आलेल्या माणसाला 'कसा होता?' म्हणून विचारावे, की तो गोष्ट सांगू लागतो. गोष्ट संपली, की दिग्दर्शकाचे नाव सांगतो आणि चहा मागवतो. आपल्या टीकाकारांची तऱ्हाही याहून फारशी निराळी नाही. फक्त ते गोष्टीला 'आशय' म्हणतात. कॅमेऱ्यामागे राबलेल्या बाकीच्या मुलांनी काय केले, याची चौकशी कोणीच करीत नाही. माझे भांडण आहे ते याच्याशी.

पुण्यात 'प्रभात'चा स्टुडिओ जेथे होता, त्या जागी १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. तेथे पदविकेसाठी केलेला चित्रपट एकट्या दिग्दर्शकाचा नसतो. छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन शिकणारेही त्याच चित्रपटावर आपापली परीक्षा देतात. मी पडलो शाळामास्तर. मला याची मोठी मौज वाटते. उत्तरपत्रिका एक आणि परीक्षार्थी चार! आमच्या वर्गात असे घडले, तर चौघांनाही बाकावर उभे करू.

काही वर्षांपूर्वी चित्रपट शिकणाऱ्या मुलांच्या एका तुकडीने आमच्या शाळेचा एक वर्ग दोन दिवसांसाठी मागून घेतला. माझे अक्षर बरे म्हणून त्यांनी माझ्या हाती कंटिन्युइटीची वही दिली. कितवा शॉट, कितवा टेक, मुलाच्या शर्टाचे वरचे बटण लावलेले की उघडे, तांब्यात पाणी किती, खिडकीची कोणती झडप लोटलेली, हे सारे टिपावयाचे. वीस वर्षे हजेरीपट भरणाऱ्याला हे काम अवघड नव्हते. एक मुलगा कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंत फीत लावून अंतर मोजी, शिंप्याने माप घ्यावे तसे. ध्वनिमुद्रण करणारी मुलगी मात्र सगळ्यांत कडक. तिने पंखा बंद करविला, सर्वांना जागच्या जागी उभे केले आणि रिकाम्या वर्गाची शांतता मिनिटभर मुद्रित करून घेतली. संवादांच्या मधल्या फटी पुढे याच शांततेने बुजवावयाच्या असतात, असे तिने सांगितले. मी त्या वर्गात आजवर 'शांतता!' म्हणून ओरडतच आलो होतो. वर्गाच्या शांततेलाही स्वतःचा आवाज असतो, हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेच पडला. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाने धडा वाचता वाचता अडखळावयाचे, असा प्रसंग होता. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन हवे तसे आले आणि नेमकी रस्त्यावरून बँडसकट वरात निघाली. वरात लांबेपर्यंत ऊन गेले. उद्या घ्यावे, तर वर्ग दोनच दिवसांचा. शिवाय तालमी करून करून मुलाचे अडखळणे पाठ होत चालले होते. दिग्दर्शक गप्प बसला. तेव्हा ज्याच्या कामाचे नुकसान होणार होते, तो छायाचित्रणाचा विद्यार्थीच 'घेऊन टाकू' म्हणाला आणि थर्मोकोलचे दोन पांढरे तुकडे खिडकीशी धरावयास त्याने माणसे उभी केली.

तयार चित्रपटात आधीच्या शॉटमध्ये भिंतीवर पिवळे ऊन आहे आणि पुढच्यात ते नाही. माझ्या शेजारी बसलेल्या एका जाणत्या गृहस्थांनी 'नवशिके!' असा शेरा मारला. मला तो मान्य नाही. त्या क्षणी मुलाचा आवाज खरोखर फुटतो. ऊन राखून तो आवाज घालवला असता, तर शेरा मारावयास जागा उरली नसती, आणि पाहावयासही काही उरले नसते.

याचा अर्थ विद्यार्थी म्हणून सारे खपवून घ्यावे, असे नव्हे. पोपडे आलेली भिंत दीड मिनिट दाखवणारे आणि नळाचे ठिबकणे देवळातल्या घंटेसारखे ऐकवणारे चित्रपट मीही सोसले आहेत. तेथे चौघे चार कोपऱ्यांत बसून आपापला पेपर लिहीत असतात.

उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' (२००५) हा पदविकेचाच चित्रपट. घरात पिठाची गिरणी येते. मुलाला आधी तिचे अप्रूप वाटते, मग तिची घरघर सोसवेनाशी होते. इथे आवाज हाच खलपुरुष आहे. ध्वनीचा विद्यार्थी नापास झाला असता, तर कथा कितीही चांगली असून चित्रपट उभा राहिला नसता. 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो' या कानडी लघुपटाला २०२४ साली कान महोत्सवात विद्यार्थी-चित्रपटांच्या विभागातले पहिले बक्षीस मिळाले. म्हातारी गावाचा कोंबडा पळवते आणि सूर्य उगवायचाच थांबतो, अशी ही लोककथा. दिग्दर्शक चिदानंद नाईक मूळचे डॉक्टर, ही बातमी सर्वांनी चवीने वाचली. पण उजाडणेच बंद झालेले गाव चार दिवसांच्या चित्रीकरणात उभे करावयाचे, तेही प्रेक्षकाला नुसता काळोख न दिसता काळोखातली माणसे दिसतील असे, हे काम कॅमेऱ्यामागच्या सूरज ठाकूर यांचे. सकाळ हरवल्याचे कानाला पटवणारे अभिषेक कदम, आणि हे सारे सोळा मिनिटांत बसवणारे मनोज व्ही. त्यांची नावे बातमीच्या शेवटच्या ओळीत होती. काही ठिकाणी तीही जागेअभावी गळली.