सोंगाड्याची मोकळीक आणि खेळाडूची मोकळीक

दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरील कमानी सभागृहात नाटक पाहताना संवाद आधी लिहिलेले आहेत हे आपण गृहीत धरतो. तमाशातला वग मात्र पिढ्यान्‌पिढ्या लिखित संहितेशिवाय उभा राहिला. गोष्ट सर्वांना ठाऊक, बोलणे ज्याचे त्याचे. टेबलावरच्या रोल-प्लेइंग गेमचा विचार करताना हा वग उपयोगी पडतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून सुरू झालेल्या या प्रकारात गेम मास्टर प्रसंग मांडतो, प्रत्येक खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात.

गेम मास्टरने कथा किती ठरवून यावी, हा इथला जुना वाद. ठरवून येणाऱ्यांच्या बाजूने वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'चा दाखला देता येईल. हवालदार झालेले दादा कोंडके त्यात चालू राजकारणावर पदरचे बोलत. पण राजाचा पलंग चोरीला जायचाच आणि कोतवाल अडकायचाच. शेवट पक्का, मधले मोकळे, प्रेक्षक खूश. मग हॉस्टेलच्या खोलीत रात्रभर चालणाऱ्या खेळात तेच का नको?

दाखला आकर्षक आहे, पण मला पटत नाही. सोंगाड्याला शेवट माहीत असतो. तो मान्य करूनच तो बोर्डावर येतो. खेळाडूला मात्र सांगितलेले असते की वाट तूच निवड. नेहमीचे उदाहरण घ्या: दोन रस्ते, उजवीकडे राक्षस. खेळाडू डावीकडे वळतात आणि गेम मास्टर राक्षस उचलून डावीकडे ठेवतो. कुणाला कळत नाही, रात्र मजेत जाते. बिघडले कुठे? काहीच माहिती नसताना निवडलेला रस्ता म्हणजे छापा-काटा. तिथे खरोखर फारसे बिघडत नाही. पण मातीतले ठसे पाहून, गावकऱ्याला विचारून, अर्धा तास वाद घालून डावा रस्ता घेतला असेल, तर तो सगळा विचार फुकट गेला. आणि विचार करणे हाच तर तिथला खेळ होता.

म्हणून तयारीच नको, असे नव्हे. तयारी कशाची, हा प्रश्न आहे. 'विच्छा'चाच खेळ करायचा तर प्रधानाला आपला माणूस कोतवाल हवा आहे, हवालदाराची बढती हुकली आहे, मैनावतीला काय हवे आहे, आणि कुणी अडवले नाही तर यांतला प्रत्येक जण पुढे काय करेल, एवढे लिहून ठेवावे. पलंग चोरीला जाईल की हवालदार थेट राजाकडे तक्रार घेऊन जाईल, ते टेबलावर ठरू द्यावे. व्हिन्सेंट बेकरच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'चे (२०१०) नियम तर गेम मास्टरला कथानक आधी रचायला सरळ मनाई करतात.

हे कष्टाचे आहे. नवख्या गेम मास्टरची यात दमछाक होते, आणि काही गटांना रचलेली गोष्टच आवडते. त्यात गैर काही नाही. फक्त शेवट पक्का आहे हे खेळाडूंना पहिल्याच बैठकीत सांगावे, मग तेही सोंगाड्यासारखे समजून-उमजून बोर्डावर येतील.