शिकाऱ्याचे कुटुंब आणि हरणाचे कुटुंब : 'किंग ऑफ द हिल' या कार्टून मालिकेतील मृगयेच्या विनोदाची चिकित्सा

बीजसंज्ञा : कार्टून मालिका, विनोद, मृगया, कुटुंब, शिवलीलामृत, वन्यजीव कायदा

प्रस्तावना

विनोदी कलाकृतीचा विचार करताना हास्य कोणावर आहे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रेक्षक कोणाच्या शेजारी बसून हसतो, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. शिकारीच्या विनोदात हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही. तेथे एका बाजूस फजिती होणारा माणूस असतो आणि दुसऱ्या बाजूस जीव गमावणारा प्राणी असतो. माणसाची फजिती पाहताना प्राण्याच्या मरणाकडे लक्ष जाऊ नये, अशी व्यवस्था विनोदकाराला करावी लागते. ही व्यवस्था कशी केली जाते आणि मराठी प्रेक्षकाच्या मनात ती कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात 'किंग ऑफ द हिल' या अमेरिकन मालिकेतील एका भागाच्या आधारे केला आहे.

मालिकेची पार्श्वभूमी

माइक जज आणि ग्रेग डॅनियल्स यांनी निर्माण केलेली ही मालिका जानेवारी १९९७ मध्ये फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. पहिल्या पर्वात ती २००९-१० पर्यंत चालली आणि २०२५ मध्ये तिचे पुनरागमन झाले. टेक्सास राज्यातील आर्लेन या काल्पनिक गावातील हिल कुटुंबाची ही कथा आहे. हँक हिल प्रोपेन गॅस विकणारा नेमस्त गृहस्थ आहे. त्याची पत्नी पेगी बदली शिक्षिकेचे काम करते आणि मुलगा बॉबी वडिलांच्या पुरुषार्थाच्या कल्पनेत कोठेच न बसणारा, विनोदी नट होऊ पाहणारा मुलगा आहे. अतिशयोक्त करामतींऐवजी मध्यमवर्गीय संसाराचे बारकावे टिपणे हे या मालिकेचे वैशिष्ट्य होय.

कार्टूनमधील शिकारी हा त्याआधीपासूनच हास्यास्पद ठरलेला आहे. भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झाल्यानंतर बग्ज बनी आणि त्याच्यामागे बंदूक घेऊन धावणारा एल्मर फड मराठी घरांतूनही परिचित झाले. 'रॅबिट फायर' (१९५१) व 'रॅबिट सीझनिंग' (१९५२) या लघुपटांत सगळा वाद हंगाम सशाचा की बदकाचा, एवढ्यावरच चालतो. तेथे प्राणी बोलतो, युक्ती करतो आणि शिकाऱ्याला हरवतो. गोळी लागली तरी कोणी मरत नाही. त्यामुळे प्रेक्षकाला निर्धास्तपणे सशाच्या बाजूने हसता येते. हिल कुटुंबाच्या कथेत ही सोय नाही, कारण तेथील हरीण बोलत नाही आणि मेले तर मरते.

कथानक आणि हास्याचे स्वरूप

'गुड हिल हंटिंग' हा भाग १९९८ मध्ये प्रसारित झाला. मुलाने पहिले हरीण मारणे म्हणजे त्याने पुरुष होणे, अशी हँकची धारणा आहे. परंतु शिकारीचा परवाना वेळेत मिळवण्यात तोच कमी पडतो. मुलाची निराशा भरून काढण्यासाठी तो त्याला पैसे घेऊन बंदिस्त जागेत हरीण समोर आणून देणाऱ्या ठिकाणी नेतो. येथे शिकार उरलेली नाही, केवळ विकत घेतलेला वध आहे, हे हँकच्या ध्यानात येते. परतीच्या वाटेवर तो मुलाला गाडी चालवू देतो. गाडीची धडक एका हरणाला बसते आणि हेच बॉबीचे पहिले हरीण ठरते.

या कथानकातील हास्याचे तीन थर दिसतात. पहिला थर कागदपत्रांचा आहे. रानातील पराक्रमाआधी माणसाला कार्यालयाच्या दारात उभे राहावे लागते आणि तेथेच त्याचा पराभव होतो. दुसरा थर बाजाराचा आहे. वडिलांकडून मुलाकडे जाणारा संस्कार पैसे मोजून उरकता येतो काय, हा प्रश्न तेथे निर्माण होतो. हँक त्याला नकार देतो आणि त्याच्या व्यक्तिरेखेची प्रतिष्ठा या नकारातच आहे. तिसरा थर अपघाताचा आहे. जे हेतुपुरस्सर साधले नाही, ते नकळत घडते. तीनही थरांत फजिती पित्याची आहे. हरीण कोठेच उपहासाचा विषय होत नाही, हे या भागाचे बलस्थान मानावे लागेल.

मात्र त्याची मर्यादाही येथेच आहे. हरणाचा उपहास होत नाही, कारण हरणाकडे पाहिलेच जात नाही. पितापुत्रांची दिलजमाई होण्यासाठी ते रस्त्यावर येते आणि मरते. वॉल्ट डिस्नेच्या 'नो हंटिंग' (१९५५) या लघुपटात डोनाल्ड डक शिकारीच्या हंगामातील झुंडीत सापडतो. तेथे क्षणभर बांबी आणि त्याची आई पडद्यावर येतात. 'बांबी' (१९४२) पाहिलेल्या प्रेक्षकाला त्या आईचे पुढे काय होते, ते ठाऊक असते आणि त्याचे हसू अडखळते. 'गुड हिल हंटिंग'मध्ये असा अडखळण्याचा क्षण येत नाही. येथे कुटुंब केवळ शिकाऱ्याला आहे.

याच मालिकेतील 'ऑर्डर ऑफ द स्ट्रेट अॅरो' (१९९७) हा भाग या बाबतीत अधिक समतोल वाटतो. त्यात मुलांना खोट्या पक्ष्याच्या शिकारीला पाठवण्याची थट्टा मोठ्यांच्याच अंगाशी येते. बॉबीच्या हातून दुर्मीळ, संरक्षित क्रौंच पक्ष्यावर प्रहार होतो आणि कायद्याच्या भीतीने मोठ्यांची तारांबळ उडते. तेथे पक्ष्याच्या जिवाला मोल आहे, म्हणून विनोदालाही धार आहे.

मराठी संदर्भात तुलना

मराठी श्रोत्याच्या स्मरणात मृगयेच्या ज्या कथा आहेत, त्यांत कुटुंबाची जागा निराळी आहे. पंचवटीतील कांचनमृगाच्या कथेत पत्नीच्या हौसेखातर पती हरणामागे जातो आणि संसार मोडतो. नांदूर मध्यमेश्वर येथील मृगव्याधेश्वराच्या स्थानाशी लोकश्रद्धेने हीच कथा जोडली आहे. सिन्नर परिसराला ती परकी नाही. 'कांचनमृगामागे धावणे' हा वाक्प्रचारही त्यातूनच रूढ झाला. या अर्थाने पाहता हँकला बंदिस्त जागेत दाखवलेले हरीण हे कांचनमृगच होय. ते दिसायला हरीण आणि वस्तुतः आमिष आहे. फरक इतकाच की हँक ते ओळखतो आणि मागे फिरतो.

याहून महत्त्वाची तुलना श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'शी (१७१८) करता येते. दुसऱ्या अध्यायातील व्याध आणि हरिणीची कथा महाशिवरात्रीला महाराष्ट्रात घरोघरी वाचली जाते. व्याधाच्या घरी उपाशी कुटुंब आहे आणि हरिणीलाही कुटुंब आहे. ती मुदत मागते, शब्द पाळते आणि अखेरीस हरणांचे सारे कुटुंब मरण स्वीकारण्यासाठी व्याधापुढे येऊन उभे राहते. दोन कुटुंबे समोरासमोर आल्यावर बाण सुटत नाही. परिवर्तन शिकाऱ्याचे होते. या कथेवर वाढलेल्या श्रोत्याला हिल कुटुंबाच्या शेवटच्या आनंदात पूर्णपणे सहभागी होता येत नाही. त्याचे कारण भूतदयेइतकेच कथनाच्या सवयीतही आहे. हरीण दिसले की त्याच्यामागे घर असणार, असे तो गृहीत धरतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या परंपरेचा दाखला देऊन मराठी समाज शिकारीपासून अलिप्त होता, असे म्हणता येणार नाही. कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे आणि ती राजवैभवाची खूण मानली जाई. फासे लावून हरणे धरणाऱ्या फासेपारधी समाजाची शिकार मात्र पोटासाठी होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत पारधी जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि १९५२ मध्ये तो कायद्याने पुसला गेला तरी व्यवहारात रेंगाळला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट व चिंकारा यांना पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची तरतूदच काढून टाकली. हे प्राण्यांच्या दृष्टीने योग्यच झाले. तथापि एकच कृती राजाच्या हाती शौर्य, पारध्याच्या हाती गुन्हा आणि टेक्सासच्या विक्रेत्याच्या हाती कौटुंबिक करमणूक ठरते, ही विसंगती समीक्षेने नोंदवली पाहिजे. हँकचा परवाना हुकतो तेव्हा प्रेक्षक हसतो. ज्यांचे जगणेच विनापरवाना ठरवले गेले, त्यांना हे हसू परवडणारे नव्हते.

कथेतील अपघाताचा प्रसंगही आज वेगळ्या प्रकाशात पाहावा लागतो. येवला तालुक्यातील ममदापूर परिसरात काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. सिन्नर तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३ मध्ये खुला झाला. या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी भुयारी व उन्नत मार्ग ठेवावे लागले, यावरूनच बंदुकीची जागा चाकाने घेतली असल्याचे स्पष्ट होते. १९९८ मध्ये योगायोग म्हणून रचलेला शेवट आता नेहमीच्या बातमीसारखा वाटतो.

निष्कर्ष

१. 'गुड हिल हंटिंग'मधील विनोद प्राण्यावर नसून पुरुषार्थाच्या जुन्या कल्पनेवर आहे. परवाना, बाजार आणि अपघात यांच्या आधारे ती कल्पना पोकळ ठरवण्यात हा भाग यशस्वी होतो.

२. हा विनोद हरणाला चेहरा नाकारूनच उभा राहतो. 'नो हंटिंग' आणि 'ऑर्डर ऑफ द स्ट्रेट अॅरो' यांच्या तुलनेत ही त्याची उणीव ठरते.

३. 'शिवलीलामृता'तील कथा दोन्ही कुटुंबांना एकाच वेळी दृष्टीसमोर ठेवते. म्हणून मराठी प्रेक्षकाला या मालिकेतील शेवट हसवूनही अपुरा वाटतो.

४. परदेशी कार्टून पाहणाऱ्या मुलांना त्यापासून दूर ठेवणे हा उपाय नव्हे. रस्त्यावर पडलेल्या हरणालाही घर होते काय, एवढा प्रश्न त्यांना हसून झाल्यावर पडला, तर या विनोदाचे वाचन पूर्ण झाले असे म्हणता येईल.