संगणनाच्या मर्यादा आणि मानवी मन : रॉजर पेनरोझ यांच्या युक्तिवादाची चिकित्सा

संगणकाच्या मर्यादांची गणिती चर्चा प्रत्यक्ष संगणकाहून जुनी आहे. एखादी आज्ञावली कधीतरी थांबेल की अखंड चालत राहील, हे प्रत्येक आज्ञावलीबाबत अचूक सांगणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही, हा निष्कर्ष ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ मधील मांडणीतून निघतो. यंत्राचा वेग वा स्मृती कितीही वाढविली तरी ही मर्यादा हटत नाही. तत्पूर्वी १९३१ मध्ये कुर्ट गोडेल यांनी दाखविले होते की, अंकगणित सामावणारी व यांत्रिक नियमांनी बांधलेली प्रणाली सुसंगत असेल, तर तिला सिद्ध करता न येणारे एखादे सत्य विधान असतेच.

या प्रमेयाच्या आधारे मानवी मन यंत्राहून श्रेष्ठ ठरविण्याचा प्रयत्न जे. आर. लुकास यांनी १९६१ मध्ये केला. पेनरोझ यांनी ‘द एम्परर्स न्यू माइंड’ (१९८९) या ग्रंथात तो विस्ताराने मांडला. प्रणालीला जे सिद्ध करता येत नाही, त्याचे सत्य गणितज्ञाला ‘दिसते’. म्हणून आकलन ही केवळ संगणनाची क्रिया नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अवघड गणित सामान्य वाचकापर्यंत नेण्याचे या ग्रंथाचे श्रेय निःसंशय मोठे आहे.

तथापि या युक्तिवादात एक पायरी गाळलेली दिसते. गोडेल यांचे प्रमेय सशर्त आहे : प्रणाली सुसंगत असेल, तरच ते विधान सत्य ठरते. ही सुसंगती केवळ प्रतीतीवर सोपविता येत नाही. गोटलोब फ्रेगे यांच्यासारख्या तर्कज्ञाने वर्षानुवर्षे उभारलेल्या प्रणालीतील विसंगती बर्ट्रांड रसेल यांनी १९०२ मध्ये एका पत्राद्वारे दाखवून दिली. ‘शॅडोज ऑफ द माइंड’ (१९९४) मध्ये पेनरोझ यांनी आक्षेपांना सविस्तर उत्तरे दिली. परंतु गणितज्ञाची विचारपद्धती मूलतः निर्दोष आहे, हे गृहीतक तेथेही कायम राहते.

याबाबत पूर्वसूरी अधिक सावध होते. ही मर्यादा मानवी बुद्धीला लागू नाही याचा पुरावा कोणी दिलेला नाही, असे ट्युरिंग यांनी १९५० मध्येच नोंदविले. गोडेल यांनीही १९५१ च्या व्याख्यानात दोन पर्याय खुले ठेवले : एक तर मन कोणत्याही सान्त यंत्राहून समर्थ आहे, अथवा काही गणिती प्रश्न माणसालाही कायमचे असाध्य आहेत.

निबंध लिहिणारी यंत्रे आज विद्यार्थ्यांच्या हाताशी असताना हा भेद अध्यापकांनी लक्षात घेणे आवश्यक आहे. ट्युरिंग यांचा निष्कर्ष सर्वसामान्य रीतीचे अस्तित्व नाकारतो. एखाद्या विशिष्ट कामातील यंत्राचे यश नाकारीत नाही. आकलनाचे महत्त्व वर्गात जरूर प्रतिपादावे. मात्र त्याचा आधार आकलनाच्या स्वरूपात शोधावा, या प्रमेयांत नव्हे.